शिवेवर अडलेला थर्मास

मित्रांनो, ज्याच्या पोटात काच आहे त्याने शौर्याच्या गप्पा मारू नयेत. मी एक जुना, रुंद तोंडाचा थर्मास आहे आणि जन्माचा भित्रा आहे. बाहेरून निळा पत्रा, खांद्याला पट्टा, सगळा रुबाब. आतून मात्र धक्का बसला की जीव टांगणीला. कारखान्यात माझ्या शेजारचा थर्मास पेटीत भरतानाच फुटला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

कुणाच्या घरी चहा सांभाळत मी सुखाने म्हातारा झालो असतो. पण मला विकत घेतलं डॉ. वंदना डिगरसे यांनी. वंदनाताई सौंसरच्या एका मास्तरांची मुलगी. १९१८ साली तापाची जी भयंकर साथ आली, तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या साथीत मास्तरांची तीन भावंडं एका आठवड्यात गेली. मास्तर ती गोष्ट सांगायला घेत आणि अर्ध्यावरच उठून जात. उरलेली अर्धी आपण शोधायची, असं ताईंनी लहानपणीच ठरवलं. त्या शिकल्या, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत विषाणूंचा अभ्यास करू लागल्या. तो विषाणू त्या काळी कुणाला पकडता आला नव्हता. पण त्यातून जे वाचले त्यांच्या रक्तात त्या झुंजीची खूण अजून असेल, असं ताईंना वाटे. वाचलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीची झाली होती आणि दरसाल कमी होत होती.

म्हणून १९८४ साली आम्ही सौंसरजवळच्या पांढुर्ण्याच्या आसपास खेड्यांत फिरलो. ताई दारात उभ्या राहून सरळ विचारत, "मानमोडी आठवते का?" तिथेच त्यांचं चुकलं. नाव घेतलं की दुखणं उठून येतं, असं लोक मानत. दारं धडाधड लागत. तीन आठवड्यांत अंबाबाई नावाची एक म्हातारी आणि आणखी तिघे म्हातारे रक्त द्यायला तयार झाले. त्यांच्या रक्ताच्या चार नळ्या माझ्या पोटात बर्फावर ठेवून आम्ही बैलगाडीने स्टेशनाकडे निघालो.

पुढच्या गावाच्या शिवेवर वीसएक माणसं उभी होती. हातात गोटे. या मुलखात दरसाल गोटमारीच्या जत्रेत दोन गावं एकमेकांवर गोटे फेकतात; इथे नेम कुणाला शिकवावा लागत नाही, मित्रांनो. माझी पाचावर धारण बसली.

"डाक्टरीणबाई, गाडी थांबवा," पुढे आलेला उत्तम नावाचा माणूस म्हणाला. "तुमी डब्यात मानमोडी भरून आमच्या शिवेतून नेऊन राहिल्या. थे इथंच फोडा, नाही तं मांगं फिरा."

त्यांना मूर्ख समजू नका. पूर्वी साथ आली की लोक टोपलीत नैवेद्य ठेवून, रोग तिच्याबरोबर जातो या समजुतीने, ती टोपली दुसऱ्याच्या शिवेत सोडून येत, आणि ते गाव भीतीने अर्धमेलं होई. ती भीती आजोबांकडून नातवांकडे आली होती.

ताई समजावू लागल्या, पण त्यांचं पुस्तकी बोलणं कुणी ऐकेना. बर्फ वितळत होता, दुपारची आगगाडी चुकली तर रक्त वाया जाणार होतं. त्यांनी मला छातीशी धरलं. एवढ्यात एक गोटा आला आणि माझ्या कुशीवर आदळला. पत्रा आत गेला. आता फुटलो, असं मला वाटलं.

"थांब रे," मागून कुणी म्हणालं. काठी टेकत नत्थूजी पुढे आले. उत्तमचेच वडील, वय अठ्ठ्याहत्तर.

"बाबा, तुमी घरी जा."

"या डब्यात जे आहे थे माह्याही अंगात आहे. मी बारा वर्साचा असताना मले मानमोडी झाली होती. माय गेली, मी वाचलो. कवाच कोणाले सांगतलं नाही. लोक गावातून काढून देतीन, असं भेव वाटे." त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. "फोडाचं असन तं आधी मले फोड, उत्तम. नाही तं बाईले माहं रक्त घेऊ दे."

उत्तमच्या हातातला गोटा केव्हा गळून पडला, त्याचं त्यालाही कळलं नाही. ताईंनी तिथेच, बैलगाडीच्या सावलीत, पाचवी नळी भरली. लोकांनी वाट सोडली आणि दुपारची आगगाडी आम्हाला मिळाली.

माझी काच शाबूत राहिली. पुण्यात माझं कौतुक झालं. मग प्लास्टिकचे नवे डबे आले आणि मी सौंसरच्या घरी कपाटावर चढलो. माझं बूच उंदरांनी कुरतडलं. ताई सुट्टीत येतात, पोचा आलेल्या जागेवरून हात फिरवतात. तेवढं मला पुरतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी म्हातारं माणूस भीतीपोटी काही मनात दाबून बसलं असेल. माझ्यासारख्यांना जपून ठेवता, तसं त्यांनाही जपा. जवळ बसा, घाई करू नका, मग विचारा.

एक सांगायचं राहिलं. शिवेवरच्या त्या दिवसानंतर चार महिन्यांनी ताईंचं पत्र नत्थूजींना आलं. पाचही नळ्यांत खूण सापडली होती. उत्तम ते पारावर हळू आवाजात वाचू लागला, तेव्हा नत्थूजी म्हणाले, "मोठ्यानं वाच. साऱ्या गावाले आयकू जाऊ दे."