ओट्याची आगबोट

मी आगबोट बोलतेय. होय, शेवगावकडच्या कोरड्या रानातली आगबोट! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सारं गाव हसून दमलं, तुम्ही तेवढे मागे राहायला नकोत.

मला घडवलं आसारामने. शेतकरी माणूस, समुद्र कधी डोळ्यांनी पाहिला नाही, पण आगबोटी करायचा नाद जबरा. माझ्याआधीच्या दोघी त्याने स्वतःच चुलीत घातल्या, कारण त्या त्यालाच पसंत पडल्या नाहीत. मी झाले ती शेवगावच्या दुकानदाराने दिलेल्या कॅलेंडरवरच्या चित्रावरून.

माझ्या मापाची गोष्ट ऐकाच. चित्रात कठड्याला टेकून उभी असलेली माणसं जोंधळ्याच्या दाण्याएवढी होती. आसाराम म्हणाला, झालं तर मग, एक दाणा म्हणजे एक माणूस. दार दाण्याहून थोडं उंच, कठडा अर्ध्या दाण्याचा, अशी मी पांगाऱ्याच्या लाकडात हातभर लांब झाले. बहात्तरचा दुष्काळ होता, पेरायला काही नव्हतं. तिफणीच्या मोडक्या नळ्याचे तुकडे कापून त्याने मला तीन धुराडी बसवली.

घोडं अडलं ते दुसऱ्या बाजूला. चित्रात बोटीची एकच बाजू दिसते. पलीकडे काय असतं? आसारामने कॅलेंडर उलटून पाहिलं हो! मागे कोरा कागद.

त्याची बायको भीमाबाई दुष्काळी कामावर खडी फोडून नुकतीच आली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "या बाजूला वटा करा की."

"आगं, बोटीला कुठं वटा असतोय?"

"मग मानसांनी बूड कुठं टेकायचं? समदी आपली उभीच. आमी बी दिसभर उन्हात हातुडा मारतो, पर बसाया सावलीचा तुकडा न्हाई तिथं. तुमच्या बोटीत तरी असू द्या."

आसारामने ओटा कोरला. भीमाबाईने मूठभर दाणे आणले आणि एकेक मांडायला लागली. "ही मी. ही लंकाबाई. ही केशरबाई, तिला जरा ऐसपैस लागतं." खडीवरच्या बाया अजून मुठीत उरल्या होत्या. "वाढवा वटा," ती म्हणाली. असं करत करत ओटा माझ्या नाकापासून शेपटापर्यंत गेला. मला विचाराल तर मला तो फार शोभतो.

खडीच्या कामावरचे ओव्हरसियर आबासाहेब यांनाही हाच छंद. नगरच्या घरी नकाशे लावून प्लायवुडची जहाजं करायचे. माझं नाव कानावर गेलं आणि मुद्दाम घरी आले. चांगले उकिडवे बसून मला न्याहाळलं. "आसाराम, प्रमाण काय साधलंय हो!" मी अशी फुगले म्हणता! मग त्यांनी मला फिरवलं.

"हे काय?"

"वटा, साहेब."

"जहाजाला ओटा नसतो. हा तासून टाका, इकडेही तशाच खिडक्या काढा. नगरच्या प्रदर्शनात मी स्वतः ठेवतो तुमची बोट. लोक बघत राहतील."

आसारामला वेडा न म्हणणारा जन्मात हा पहिलाच माणूस. साहेब गेले आणि त्याने पटाशी हातात घेतली. मला भयंकर राग आला. ज्याने मला घडवलं तोच मला अर्धी करायला निघाला होता, आणि मला ओरडता येईना. भीमाबाई ओट्यावरचे दाणे एकेक उचलून पदरात घ्यायला लागली.

लंकाबाईला उचललं, केशरबाईला उचललं. आसाराम बघत राहिला. मग त्याने पटाशी खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे गं. बसल्यात त्या. उठवू नगंस."

आबासाहेब चिडले, पण मन मोडवेना. "बरं, ती बाजू भिंतीकडे करून ठेवू," म्हणाले. आसारामने मान डोलावली. प्रदर्शनात मी भिंतीला तोंड करून उभी राहिले आणि लोक चित्रातली बाजू बघून वाहवा करत होते. त्या कौतुकाने माझा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात एसटीने भीमाबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया येऊन थडकल्या. केशरबाईने वाकून, मान वाकडी करून पाहिलं. "आवो, आपला वटा कुठाय?"

आसाराम पुढे झाला. भर गर्दीत त्याने मला उचललं आणि फिरवून ठेवलं.

"आसाराम! अहो, परीक्षक येतायत!"

"येऊ द्या, साहेब. ती बाजू कॅलेंडरात बी दिसती. ही कुठंच दिसत न्हाई."

भीमाबाईने पदराची गाठ सोडली आणि सगळ्यांदेखत दाणे ओट्यावर मांडले. परीक्षक आले, हसले, पुढे गेले. बक्षीस प्लायवुडच्या एका जहाजाला मिळालं. मिळू दे!

आता मी आसारामच्या घरी, दारासमोरच्या फळीवर असते. ओट्यावरचे दाणे उंदीर पळवतात, भीमाबाई शिव्या घालत नवे मांडते. पाणी मला अजून लागलेलं नाही. आबासाहेब म्हणतात, ओट्याच्या वजनाने ही एका अंगाला कलंडेल. कलंडेन! पण कलंडेन ती ओट्याच्याच अंगाला.

बघायला जरूर या. फक्त या बाजूने या, आणि बसलेल्या बायांना उठवू नका.