मागून हाक

बेबीनंदाला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. जाफराबादच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची, तिथल्या पोरांना तिनं आज सुट्टी दिली होती. पुसलेल्या खुर्च्या पुन्हा पुसल्या होत्या. लाईट जाते की काय म्हणून सारखी पंख्याकडे बघत होती. दुपारी तिची आई यायची होती, आणि आईला एक खेळ खेळायला लावायचा होता.

खेळ बेबीनंदानंच बनवलेला. त्यात ना गाड्या पळत, ना गोळ्या सुटत. पडद्यावर चित्र यायचं, खाली माणसांचं बोलणं उमटायचं, आणि मधेच दोन बटणं समोर यायची. जे दाबाल तशी गोष्ट वळायची. क्लासच्या पोरांनी तो बघून जांभया दिल्या होत्या. देईनात का. तो त्यांच्यासाठी नव्हताच. तो होता पुण्याला असलेल्या तिच्या भावासाठी, मच्छिंद्रासाठी.

मच्छिंद्रानं घर सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. कारण ऐकाल तर हसाल. त्याला शेती नको होती, कॉम्प्युटर दुरुस्ती शिकायची होती. बापानं, रायभाननं, पाहुण्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली आणि चालता हो म्हटलं. पोरगं पिशवी घेऊन खरंच चालतं झालं. पुढं बापाचा राग निवला, निरोपही गेले. पण मच्छिंद्राचं दुखणं बापाशी नव्हतंच. क्लासच्या फोनवर तो दरवेळी एकच बोलायचा, "बापाचं काय, त्यो तसाच हाय. पण आईनं एक हाक मारली असती ना बेबे, मी तिथूनच फिरलो असतो. तिनं हाकसुद्धा मारली न्हाई."

आणि बेबीनंदाला ते खोटं म्हणता येईना, कारण तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भाऊ अंगणातून बाहेर पडला, आई दारात क्षणभर थांबली आणि पाठ फिरवून मागच्या दारानं निघून गेली. मागं शेळ्या बांधलेल्या होत्या. पोटचं पोर घर सोडून चाललंय आणि ही बाई शेळ्यांकडे! तो राग बेबीनंदाच्या मनातून अजून गेला नव्हता.

आता मच्छिंद्राला दुबईचं काम लागलं होतं. महिनाभरात निघणार होता, आणि जाण्याआधी गावी येणार नाही म्हणून त्यानं साफ सांगितलं होतं. एकदा तिकडे गेला की तो आपल्याला कायमचा तुटला, या धास्तीनं बेबीनंदाला धड जेवण जात नव्हतं. म्हणून हा खेळ. त्यात तिनं अंगण काढलं, दारातला कडुलिंब काढला, पिशवी घेतलेला भाऊ काढला. शेवटी दोन बटणं, 'हाक मार' आणि 'गप्प राहा'. आईनं एकदा 'हाक मार' दाबलं की ते भावाला कळवायचं, एवढाच तिचा बेत होता.

दुपारी आई, आसराबाई, आली, खुर्चीच्या अगदी टोकावर बसली आणि पडद्यातल्या बाईकडे बघून म्हणाली, "ही मी का? लई कडू तोंड काढलं माहं."

"तसंच होतं," बेबीनंदा म्हणाली.

चित्रं सरकत गेली. थोबाडीत बसली तिथं आसराबाईनं डोळे मिटून घेतले. मग ती दोन बटणं आली. बेबीनंदानं ती वाचून दाखवली. आईनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"दाब ना, आई."

"न्हाई."

"अगं, नुसतं बटण हाय!"

"असू दे. निघालेल्या माणसाला मागून हाक मारत न्हाईत. लेकरू परमुलखात चाललं, अन् मी त्याला मागून टोकू?"

बेबीनंदाचा तोल गेला. "एवढ्यासाठी? त्या एका हाकेपायी त्यो अजून झुरून राह्यला, अन् तू शेळ्यांकडं गेल्ती!"

"शेळ्यांकडं कोण गेल्तं?" आसराबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "मागून मारत न्हाईत म्हणून मी त्याच्या पुढं जायाला निघाल्ते. मागच्या दारानं, कपाशीतून आडवी. फाट्यावर त्याच्या समोर उभी राहून हाक मारणार होते. समोरून मारायला काय हरकत न्हाई."

"मंग?"

"कपाशी डोक्याएवढी वाढल्ती, लुगडं अडकत होतं. पोचले तवा त्यो बसलेली जीप सुटल्ती. माह्या पुढूनच गेली. त्यो मधी कुठं दबून बसल्ता, दिसला बी न्हाई. तोंड उघडलं होतं मी, बेबे. पण जीप पुढं अन् मी मागं. ती हाक मागूनच लागली असती त्याला. मंग पदर कोंबला तोंडात."

"इतकी वर्षं सांगितलं का न्हाई?"

"विचारलं का कोणी?"

बेबीनंदाला भयंकर लाज वाटली. आईच्या पाठीवरून तिनं आख्खी आई ठरवून टाकली होती, वर तिचं चित्रही काढलं होतं. ती रडायला लागली, तशी आसराबाईनं पडद्याकडे बोट केलं. "तुह्या खेळात ती जीप जराशी थांबती का?"

थांबवता आली असती. पण बेबीनंदानं ती थांबवली नाही. तिनं आईचं तोंड नव्यानं काढलं आणि तिसरं बटण घातलं, 'कपाशीतून फाट्यावर जा'. जे घडलं तसंच सगळं पुढं मांडलं, पदरासकट, आणि सीडी पुण्याला धाडली.

मग नुसती वाट पाहणं. फोन वाजला की ती पोरांच्या खुर्च्या ओलांडत धावायची आणि पलीकडे कुणीतरी प्रवेशाची चौकशी करायचं. शिकवताना मधेच विसरायची. एकदा फोन वाजला तेव्हा तिनं वैतागून उचलला.

पलीकडून मच्छिंद्र म्हणाला, "बेबे, ती जीप थांबतच न्हाई का? मी समदी बटणं दाबून पाह्यली."

"न्हाई," ती म्हणाली. "थांबली न्हाई, दादा."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"आईला म्हणावं, रविवारी फाट्यावर उभी राह्य. मी पुढच्या सीटवर बसून येतो."