मुकी गाडी

मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. चाळीस वर्षं ते गाड्यांचं दुखणं असंच ऐकत आले होते. पट्टा सैल झालाय की बेअरिंग कुरकुरतंय, हे ते इतक्या खात्रीने सांगत की गिऱ्हाइकाला वाटावं, गाडीने यांच्याकडे आधीच चुगली केली आहे. आज मूठ कानात रुतली तरी पलीकडून हूं की चूं नाही.

"अप्पा, त्या नारिंगी वायरींपासून हात लांब," मुलगी मागून म्हणाली. "तिथला झटका बसला तर कान राहतील, ऐकणारा राहणार नाही."

"हिला बोलू तर दे आधी."

"ती बोलणाऱ्यातली नाही. हायब्रिड आहे."

मिस्त्रींना हा शब्दच आवडत नसे. धड पेट्रोलची नाही, धड विजेची नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. मुलीला त्यांनी लहानपणी अक्षरांच्या आधी आवाज शिकवले होते. किल्ली फिरवल्यावर भराभर टकटकटक झालं तर बॅटरी उतरली. एकच टक आणि मग शांतता, तर स्टार्टर. घुर्रघुर्र फिरते पण पेटत नाही, तर पेट्रोल नाहीतर ठिणगी. पोरगी जेवताना तोंडाने हे आवाज काढायची आणि आईच्या हातचा धपाटा खायची. आता तीच हातात लॅपटॉप घेऊन फिरत होती.

गेल्या महिन्यात त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, गॅरेज बंद करायचं. रस्त्यावर अशा मुक्या गाड्या वाढत चालल्या होत्या आणि मुक्यांच्या गावात कानवाल्याला कोण विचारतो? शेजारच्या फरशीवाल्याला गोदामासाठी जागा हवीच होती. मुलगी दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, "एक हायब्रिड इथे दुरुस्त करून दाखवते. तोवर होकार देऊ नका." मिस्त्री कबूल झाले, पण मुदत घातली. ती आज दुपारी संपत होती, आणि सकाळी बाई दोरीला बांधलेल्या गाडीतून दारात हजर झाल्या होत्या.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बाकावर ताठ बसल्या होत्या. पायाशी त्यांचा झिपरा, वासराएवढा कुत्रा पसरला होता. त्याचं नाव साहेब.

"आठवडाभर दुपारची लाल दिवा दाखवते," बाई म्हणाल्या. "आज तर सुरूच होईना. शोरूमवाले म्हणतात, मोठी बॅटरी गेली, सगळी बदला. त्यापेक्षा मी चालत फिरेन."

मुलीने डिकी उघडली, कोपऱ्यातलं झाकण काढलं आणि मीटर लावला.

"साडेनऊ व्होल्ट. ही उतरलीय. हिच्यात दोन बॅटऱ्या असतात, बाई. मोठी गाडी पळवते, पण तिला सकाळी उठवायचं काम या लहानीचं. लहानीच झोपली तर मोठी काय करणार?"

तिने फळीवरची नवी बॅटरी आणून बसवली आणि डिकीत डोकं घालून पाने कसत ओरडली, "अप्पा, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबा!"

शेजारी फरशी कापायचं कटर किंचाळत होतं. मिस्त्रींनी बटण दाबलं आणि कान टवकारले. काही नाही. पुन्हा दाबलं. समोरचे दिवे लागले, गेले, परत लागले. पाचव्यांदा दाबून ते खाली उतरले आणि बोनेटवर थाप मारून म्हणाले, "गेलेली आहे. नवी बॅटरी घालूनही मेलेलीच."

बाईंनी खिडकीतून आत बघितलं.

"मिस्त्री," त्या पहिलीतल्या मुलाशी बोलावं तशा म्हणाल्या, "तो हिरवा दिवा दिसतोय ना? तो लागला की गाडी चालू असते. ती आवाज करत नाही. तुम्ही एकदा चालू करत होतात आणि एकदा बंद."

मुलगी हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं. सगळ्या बाजारात ज्याच्या कानाची शपथ घेत, त्याला गाडी चालू की बंद हे कळेना. ते मागचं दार उघडून आत जाऊन बसले. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

पुढच्या सीटवर मुलीने लॅपटॉप जोडला. थोड्या वेळाने तिचा आवाज उतरला.

"मोठीतले मधले सेल फार तापतायत. बावन्न डिग्री. शोरूमवाले म्हणतात ते खरंही असेल, अप्पा."

तिची मान खाली गेली. मागून तिचा आंबाडा तेवढा दिसत होता, त्यात खोचलेल्या टेस्टरसकट. आपण हरलो याचं मिस्त्रींना काही नव्हतं, पण ही हरायला नको होती.

तेवढ्यात शेजारचं कटर थांबलं.

एकदम शांतता झाली. अशी शांतता मिस्त्रींनी चालू गाडीत कधी ऐकलीच नव्हती. एरवी इंजिनच्या गदारोळातून एक एक आवाज निवडून काढावा लागे. इथे साहेबांचं शेपूट जमिनीवर आपटलेलंही ऐकू येत होतं. आणि सीटच्या कडेला, अगदी बारीक, कुणीतरी धापा टाकत होतं.

"इथे पंखा आहे का गं?"

"आहे. मोठ्या बॅटरीला गार ठेवतो."

"त्याचा जीव गुदमरलाय."

त्यांनी स्क्रूड्रायव्हरने सीटजवळची जाळी उचकटली आणि आत बोटं घातली. बाहेर आला तो उशी भरेल एवढा झिपऱ्या केसांचा बोळा.

"अगं बाई!" बाई उभ्याच राहिल्या. "साहेब मागेच बसतात. गेला आठवडाभर केस गळणं कमी झालं म्हणून मी खूश होते!"

मुलगी लॅपटॉपवरचे आकडे ओरडून वाचू लागली. एकोणपन्नास. शेहेचाळीस. चाळीस! तिने एक कळ दाबली आणि लाल दिवा गेला. मग सीटवर गुडघे टेकून, मागे वळून, तिने वडिलांचा डावा कान दोन बोटांत धरून जोरात ओढला. लहानपणी चिडली की ती असंच करायची. मिस्त्री इतके खूश झाले की कान सोडवून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

मोकळी सीट पाहून साहेबही आत चढले आणि मिस्त्रींच्या मांडीवर रेलले. पंखा आता सुरेख, एका लयीत फिरत होता.

दारात सावली पडली. अंगावर पांढरी भुकटी घेऊन फरशीवाला उभा होता.

"काय मिस्त्री, आज सांगणार होतात. म्हणून मशीन बंद करूनच आलो. काय ठरलं?"

"ठरलं की," मिस्त्री मागच्या सीटवरूनच म्हणाले. "ते तुमचं कटर आहे ना..."

"हो, तेच पहिल्यांदा इकडे हलवणार."

"ते दुपारपर्यंत बंद ठेवत जा. गाड्या फार हळू बोलायला लागल्यात हो."