शिवेवर न थांबलेली गाडी

मित्रांनो, मी उमापूरची एक जुनी स्टेशन वॅगन आहे. पुढून चारचौघींसारखी मोटार, पण मागून लांबलचक. लोक मला 'लांबडी' म्हणून हसतात. हसोत बापडे.

गावचे पुढारी सुंदरराव यांनी मला प्रचारासाठी आणले. टपावर भोंगे घेऊन मी गावोगाव फिरले. निवडणूक हरल्यावर त्यांनी मला गोठ्यामागे लावून टाकले आणि माझ्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्याचा मला अजून राग आहे.

तिथून गावात गॅरेज चालवणाऱ्या अंगद मिस्त्रीने मला सोडवले. कमानीचे पाटे कमी करून त्याने मला ठेंगणे केले, रुंद चाके बसवली, लालभडक रंग दिला. सायलेन्सर असा बदलला की मी निघाले की अर्धे गाव दारात यायचे. एवढे लाड माझे कुणीच केले नव्हते.

आमच्याकडे दसऱ्याला गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, चाकांखाली लिंबू ठेवतात आणि सगळे सीमोल्लंघनाला शिवेवर जातात. शिवेपलीकडे पहिली गाडी कुणाची, अशी शर्यत तरुणांनी त्यातून काढली होती. दोन वर्षे मी पहिली आले. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

तिसऱ्या वर्षी माझ्या ब्रेकचे लायनर पार झिजले होते. अंगद म्हणाला, "दिवाळीला टाकू. आदी दसऱ्याला रंग दिसला पायजे."

त्या दिवशी शिवेवर सटवानाना धनगर मेंढरे घेऊन रस्ता ओलांडत होते. अंगदने ब्रेक दाबला. मी थांबले नाही. कितीतरी मेंढरे गेली, नानांचा पाय मोडला. लोक जमले तेव्हा अंगद म्हणाला, "मेंढरं एकदम मधी आली." सगळ्यांना ते पटले. मी तिथेच उभी होते आणि मला बोलता येत नव्हते.

याला नऊ वर्षे झाली. तेव्हापासून शर्यत बंद आहे आणि मी गॅरेजात उभी आहे. अंगद मला रोज पुसतो, गिऱ्हाइकांना माझ्या शर्यती रंगवून सांगतो. शिवेवरचे मात्र सांगत नाही.

यंदा दसऱ्याच्या सकाळी सुंदररावांचा मुलगा विजयसिंह आला. "काढ लांबडी. आज परत लावू शर्यत." अंगद पाना उचलून शेजारच्या गाडीकडे वळला. "का रं, भ्यालास का?" विजयसिंहने विचारले.

शर्यतीची बातमी गावभर झाली होती; इतक्यात काठी टेकत सटवानाना आले. ते म्हणाले, "अंगदा, गाड्या कवा पळणार हायेत तेवढं सांग. तवर मेंढरं वाड्यातच ठेवतो. मागल्या बारी चूक माजीच झालती."

अंगदने हातातला पाना खाली ठेवला. "न्हाई, नाना. गाडीला ब्रेकच नव्हते. मला म्हाईत होतं."

"इतकी वर्सं, अंगदा?" नाना एवढेच म्हणाले आणि निघून गेले.

शर्यत झाली नाही. अंगदने त्याच दिवशी माझी चाके काढून लायनर बदलले. नाना अजून गॅरेजकडे फिरकलेले नाहीत.

मित्रांनो, माझ्या वेगाचे कौतुक कराल तेव्हा माझ्या ब्रेकचीही चौकशी करा. आणि नाना कुठे भेटले, तर चूक त्यांची नव्हती, हे त्यांना पुन्हा एकदा सांगा. मला सांगता येत नाही.