पेडलखालची तार

अतुपेलेचा नवरा लुगानो कितोंगाच्या उतारावर ट्रकसकट दरीत गेला, तेव्हा ट्रकमालक महेंगेने पोलिसांना सांगितलं, "ड्रायव्हर प्यायलेला होता." लुगानोने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण तेव्हापासून गावात त्याची आई दारुड्याची आई झाली. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना.

अतुपेले ट्रकच्या वायरिंगचं काम करायची. दरीत उतरून तिने चेंदामेंदा झालेली केबिन पाहिली. समोरचा बिघाड दाखवणारा लाल दिवा विझावा म्हणून ब्रेकच्या पेडलखालची तार कुणीतरी कापून भलतीकडे जोडली होती. दिवा विझला, पण पाय ब्रेकवर पडलाय, हे गिअरबॉक्सला कळायचंही बंद झालं. उतारावर गिअरबॉक्सच गाडी मागे खेचून धरतो. सगळं ओझं एकट्या चाकांच्या ब्रेकवर आलं आणि ते जळाले. तिने हे पोलिसांना सांगितलं, तर ते हसले.

मग तिने इलुलात, उतार लागायच्या आधी, स्वतःचं गॅरेज टाकलं. महेंगेच्या गाड्या याच रस्त्याने जात.

यंदा कांदे निघायच्या सुमाराला त्याचा एक ट्रक तिच्या दारात थांबला, माफिंगाच्या लाकडाने भरलेला. ड्रायव्हर अंबाकिस्ये खाली उतरला.

"ताई, ब्रेक मारला की गिअरबॉक्स कधी धरतो, कधी नाही. असली गाडी घेऊन मी कितोंगा उतरायचा नाही. मालकाला बोलावलंय."

महेंगे इरिंगाहून तणतणत आला. त्याने अतुपेलेला ओळखलंही नाही.

"दिवा लागत नाही, मग बिघाड कसला?"

"दिवा का लागत नाही, तेच बघते."

तिने पेडलच्या स्विचपाशी मीटर लावला. तिथे करंट होता. गिअरबॉक्सच्या टोकाला लावला. तिथे पेडल दाबूनही कधी यायचा, कधी नाही. मधली तार चाचपत गेली आणि तिची बोटं थांबली. तीच कापाकापी, तसाच काळ्या टेपचा गोळा.

हे असंच ठेवून गाडी सोडली तर? पण स्टिअरिंगवर अंबाकिस्ये असणार होता, महेंगे नव्हे.

तिने तो तुकडा कापून खिशात टाकला, नवी तार ओढली आणि त्या तारेत आपल्या हाताशी एक बटण बसवलं.

"उतारावर बघितल्याशिवाय मी गाडी देत नाही. चालवते मी. मालक, तुम्ही शेजारी बसा. अंबाकिस्ये, तू मागच्या सीटवर."

पहिल्या वळणावर गिअरबॉक्सने गाडी छान धरली. पुढे रस्ता सरळ आणि रिकामा होता. तिने बटण बंद केलं. ट्रक सुटला.

"अगं, ब्रेक दाब!" महेंगे ओरडला.

"पाय ब्रेकवरच आहे, मालक. गिअरबॉक्सला ते कळत नाहीये. लुगानोचाही पाय ब्रेकवरच होता."

जळका वास केबिनमध्ये भरला.

"तू... त्याची बायको?"

"तो प्यायला होता का?"

"थांबव आधी! बाई, तुझ्या पाया पडतो!"

"प्यायला होता का?"

"नव्हता! तार कापायला मीच सांगितलं होतं! दिवा दिसला की ड्रायव्हर गाडी उभी करतात, म्हणून!"

तिने बटण दाबलं. गाडी कण्हत मंदावली. महेंगेची पँट ओली झाली होती. मागून अंबाकिस्ये एवढंच म्हणाला, "ऐकलं मी सगळं."

खालच्या थांब्यावर त्याने ते बाकीच्या ड्रायव्हरांना सांगितलं. महेंगे लुगानोच्या गावात येऊन खरं बोलल्याशिवाय त्याच्या गाडीची किल्ली कुणी हातात घ्यायची नाही, असं ठरलं.

रविवारी महेंगे चर्चमध्ये उभा राहिला आणि खाली बघत पुटपुटला. लुगानोची म्हातारी आई उठली.

"मोठ्यानं बोल. तेव्हा कसा मोठ्यानं बोलला होतास?"

त्याला पुन्हा बोलावं लागलं. तिचं समाधान होईना. पुन्हा बोलावं लागलं.

अतुपेले मागच्या बाकावरून त्याच्या मानेवरचा घाम बघत होती. तिला बरं वाटलं, पण पुरेसं नाही. सोमवारी टेपचा तो काळा गोळा घेऊन ती अंबाकिस्येबरोबर इरिंगाच्या पोलीस ठाण्यात गेली. या वेळी कुणी हसलं नाही.