कच्चा चुना

बहात्तरच्या आषाढात पाथर्डीकडच्या एका गावात महादेवाच्या जुन्या देवळाचं काम निघालं होतं, आणि मी त्या कामावर हजेरी कारकून होतो. देऊळ यादवांच्या काळातलं. बाहेरच्या दगडांना लोणा लागून त्यांचे पापुद्रे हातात येत. कोपरगावचा पाथरवट सहादेव दोन महिने तिथं ठाण मांडून होता. कुजके दगड काढून त्यानं नवे बसवले, गूळ आणि बेलफळाचा गर घालून चुना घोटला, सांधे भरले. माणूस तुसडा, पण कामात खोट नाही.

पाऊस नव्हता. गावानं ठरवलं, देव कोंडायचा. म्हणजे गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर मातीचा बांध घालायचा, पाणी बाहेर जायचं भोक बुजवायचं आणि पिंड बुडेपर्यंत घागरी ओतायच्या. जीव गुदमरला की महादेव पाऊस पाडतो. सरकारकडे रडून झालं होतंच, आता देवाला धाक दाखवायचा.

पण गाभाऱ्याची मागची भिंत भरून आठच दिवस झाले होते. आत पाणी तुंबलं तर चुना वाहून जाणार, दगड सुटणार.

"धा-बारा दिस थांबा," सहादेव आसाराम पाटलांना म्हणाला. "चुना कच्चा हाय. भित बसंल खाली."

"तवर ढोरं जगत्याल व्हय?" पाटील म्हणाले.

सहादेव थापी उचलून भिंतीमागे गेला. 

बायकांनी दीड कोसावरच्या विहिरीतून पाणी आणलं. माझ्या बिऱ्हाडाशेजारच्या रंगुबाईनं तर गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात चार खेपा केल्या. दुपारी पिंड बुडाली आणि दमलेली मंडळी पारावर सावलीला गेली.

भिंतीमागे सहादेव आणि मी. सांध्यांतून आधी थेंब आले, मग पांढरी धार लागली. एक दगड बोटभर पुढे सरकला. सहादेवनं त्याला तळहात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही. कारकुनाला तेवढं चांगलं जमतं. त्यानं बाहेरच्या भोकातला चिंध्यांचा बोळा उपसून काढला.

सगळं पाणी भसाभसा बाहेर आलं आणि तापलेल्या मातीत जिरलं. खाली घागर लावायचंसुद्धा आम्हाला सुचलं नाही. हा गुन्हा मात्र खराच.

भिंत वाचली. पाऊस आला नाही. सहादेवनं देव सोडवला म्हणून आला नाही, असं गावानं ठरवून टाकलं. तरी त्यानं पंधरा दिवस राहून उरलेले सांधे भरले. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

निघायच्या दिवशी पिशवी खांद्यावर टाकून तो रंगुबाईच्या दारात थांबला. "माय, घोटभर पानी दे."

"भितीला माग," ती म्हणाली आणि कामाला लागली.

तिच्या शेजारच्याच ओट्यावर मी भरला तांब्या घेऊन उभा होतो. आळीतली माणसं बघत होती. सहादेव तसाच एस्टीच्या फाट्याकडे चालू लागला. मला लाज वाटली, अजून वाटते. पण तांब्या काही मी पुढे केला नाही.