तिसरं पेर

जव्हार संस्थान विलीन झालं, राजाच्या जागी रजिस्टर आलं आणि रजिस्टरामागे पाहणी-कारकून म्हणून मी. या रजिस्टराला दोनच जमिनी ओळखू यायच्या: पिकाची आणि पडीक. पडीक दिसली की ती सरकारी जंगलात जमा.

साखरशेतच्या जिवाचा डोंगरउतारावरचा तुकडा दोन्हींत बसत नव्हता. तिथे तीन वर्षं नाचणी-वरई घ्यायची आणि मग आठ वर्षं जमीन निजवायची. ऐनाची झाडं मुळासकट न काढता कमरेएवढी छाटून राखलेली असत. ती पुन्हा फुटत, पानं गळत, कुजत, झिजलेली माती भरून येई. मोजमाप बापाने शिकवलेलं: तर्जनी मातीत घालायची. थकलेल्या जमिनीत नखच बुडतं. तिसरं पेर बुडलं की कुदळ उचलायची. त्या आश्विनात सहावं वर्ष सरत होतं आणि बोट दोनच पेरं जात होतं. मंगळवारी आमच्या कचेरीचे साहेब पाहणीला येणार होते.

रविवारपासून जिवा खाली बसला नाही. कुऱ्हाड घेऊन चढायचा, तशीच घेऊन उतरायचा.

"एक पट्टा तोड, चार वाल टोक," शेजारचा ढवळू म्हणाला. "सायेबाला हिरवं दिसलं म्हंजे झालं."

"दोन पेरांवर तोडलं तर एक साल खाशील. दुसऱ्या सालाला नुसता मुरूम," जिवा म्हणाला.

"आन् नाय तोडलं तर सायेब खाईल," जिवाची बायको रामी म्हणाली. "कोनाला जेवू घालायचं ते तू ठरव."

जिवाने काहीच ठरवलं नाही. तो वर जाऊन बोट घालून बघायचा. इथे नाही गेलं तर वीतभर पुढे जाईल, तिथे नाही तर आणखी पुढे. घरी चार घास खायचा की पुन्हा वर. सोमवारी रामीने त्या बोटाला हळद लावली. "नख तरी ठेव. पुढच्या सालाला मोजाया लागंल."

मंगळवारी परचुरे साहेब आले. मातीवर त्यांचं फार प्रेम. ती बुटाला लागू नये, एवढीच अट. झुडपांमधून ओळीने गेलेली भोकं पाहून ते थांबले.

"टोकण केलीय? वाल का?"

ढवळूने जिवाला मागून ढोसलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी जमीन वाचली असती. पण साहेबांनी कामाचं विचारलं होतं, म्हणून जिवाने कामाचंच सांगितलं.

"नाय सायेब. बोट घातलं."

"बोट? त्यातून उगवणार काय?"

"माती. दोन पेरं झालीय. एक ऱ्हायलंय."

रामीने कपाळावर हात मारला. साहेबांनी मोठ्या मनाने वाकून स्वतःचं बोट घातलं. ते अलगद आत गेलं आणि बाहेर येताना काळी, ओली, पानांच्या वासाची माती घेऊन आलं. सकाळीच त्यांनी मला आपला आदर्श प्लॉट दाखवला होता: झाडं मुळासकट उपटलेला, दरसाल नांगरलेला. तिथे मी फूटपट्टी रोवायला गेलो, तर फूटपट्टी मोडली. साहेब बराच वेळ बोटाकडे बघत राहिले, मग रुमाल शोधू लागले.

"लिहून घ्या," मला म्हणाले आणि जीपकडे निघाले.

काय लिहायचं ते सांगितलं नाही. रकाना कोरा ठेवला तर जमीन पडीक. मी लिहिलं: पीक, माती. उंची, दोन पेरं, खालच्या दिशेने. साहेबांनी बॉनेटवर न वाचता सही ठोकली.

सात महिन्यांनी वरच्या कचेरीचं पत्र आलं: सदर पिकाचे बियाणे कोणते? मी कळवलं, ऐनाची पानं. मग वर्षभराने दुसरं: एकरी किती? पत्र आल्याचं कळलं की जिवा साखरशेतहून चालत यायचा आणि दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहायचा.

"काय बोलतं?"

"विचारतंय."

"म्हंजे घेतली नाय?"

"विचारतायत तोवर घेता येत नाही."

तो मान हलवायचा आणि माझ्यावर काडीचा विश्वास न ठेवता परत जायचा.

दोन वर्षं भरता भरता तिसरं पत्र आलं: पीक काढणीस केव्हा येईल?

जिवाने बोट पुढे केलं. मुळापर्यंत काळं होतं. "लिवा, आलं. सकाळलाच बघलं."

पुढच्या पावसात नाचणी कमरेएवढी झाली. मी रजिस्टरात ठसठशीत 'नाचणी' लिहिलं आणि सुटलो म्हणालो. महिन्याभरात शेरा: माती हे पीक उत्तम येत असताना बंद का केले, याचा खुलासा करावा.

जिवाला वाचून दाखवला. वाटलं, आता तरी हसेल. तो बोटांवर काही मोजत होता.

"आजून दोन सालांनी परत निजवायचीय," तो म्हणाला. "खुलासा लांब लिवा, भाऊसायेब. आठ सालं पुराया होवा."